आभाळात सांडलेला रवा

दिवे घाटातल्या वारीचा माझा पहिला मोठा प्रिंट मी काकांपुढे ठेवला. त्यांच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत मी डार्करूमचं काम शिकत होतो. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्रिंट नाकापाशी नेला आणि म्हणाले, "वारकरी बरे आलेत रे. पण आभाळात रवा कुणी सांडला?"

मी लगेच फिल्मवर ढकललं. चारशेची (आयएसओ ४००, म्हणजे कमी उजेडातही चालणारी वेगवान) फिल्म आहे, ग्रेन म्हणजे दाणा येणारच. नव्याने फिल्मकडे वळलेली मुलं आजही हेच सांगतात, म्हणून हे लिहितोय. चारशेच्या फिल्मला दाणा असतो हे खरं, पण माझ्या आभाळातला बराचसा रवा माझ्याच हातचा होता.

फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात. उजेड लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते, उरलेले हायपोत (फिल्म पक्की करणाऱ्या द्रावणात) विरघळून जातात. एकेक स्फटिक मायक्रॉनच्या आसपासचा, तो सुटा काही आपल्याला दिसत नाही. दिसतात ते थरात एकावर एक आलेल्या कणांचे पुंजके. आणि गंमत म्हणजे प्रिंटवरचे जे काळे ठिपके आपण दाणा म्हणून दाखवतो, ती निगेटिव्हमधली चांदी नसतेच. चांदीने उजेड अडवला तिथे कागद पांढरा राहतो, पुंजक्यांच्या मधून उजेड निसटला तिथे काळा होतो. म्हणजे आपण बघतो त्या फटी! हे डोक्यात शिरायला मला वर्ष लागलं.

मोठा स्फटिक जास्त उजेड झेलतो, म्हणून वेगवान फिल्मचा दाणा जाड. पण सगळ्या चारशेच्या फिल्म सारख्या नसतात. ३५ मिमीमध्ये १९५४ साली आलेली कोडॅकची ट्राय-एक्स जुन्या वळणाची. १९८६ च्या टी-मॅक्समध्ये स्फटिकच चपटे केले, तांदळाचे पोहे करावेत तसे. पसरट असल्यामुळे कमी चांदीत तेवढाच उजेड झेलला जातो. कोडॅकच्याच माहितीपत्रकात दाण्याचा आकडा (जितका मोठा तितका दाणा जाड) ट्राय-एक्स ४०० ला १७ आणि टी-मॅक्स ४०० ला १० आहे. वेग तोच.

आता माझा रवा. फिल्म होती एचपी५ प्लस, डेव्हलपर आयडी-११, एकास एक पाणी घातलेला. त्याची वेळ २० अंशांना १३ मिनिटं. मी तेरा मिनिटं घड्याळ लावून पाळली, पण आमच्या नळाचं पाणी तेव्हा २८ अंशांवर होतं. एवढ्या तापमानाला निम्म्याच्या आसपास वेळ पुरतो. त्यात टाकी ताक घुसळल्यासारखी हलवली. आभाळ एवढं दाट आलं की निगेटिव्ह छापील कागदावर ठेवलं तर त्यातून खालची अक्षरं दिसेनात. वर शहाणपणा म्हणून चौकटीचा फक्त पाव भाग घेऊन त्याचा आठ बाय बाराचा प्रिंट काढला. अख्ख्या निगेटिव्हवरून तो साडेआठ पट मोठा झाला असता, पाव भागावरून सतरा पट झाला. आणि विषय काय, तर ढगाळ आभाळ! फेट्यांत, पताकांत, सुरकुत्यांत दाणा लपतो. सपाट करड्या जागेत तो लपणार कुठे?

तेव्हापासून मी सगळ्या बाटल्या बर्फाच्या घमेल्यात उभ्या करतो. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो पातळ होतो (हेही करून झालंय). हायपो आणि धुवायचं पाणीही त्याच तापमानाच्या जवळ ठेवा. थंडातून एकदम गरमात गेलं की जिलेटिन सुरकुततं आणि त्या जाळीलाच लोक ग्रेन समजतात.

डेव्हलपर कुठला, हा पुढचा हमखास प्रश्न. डी-७६ या डेव्हलपरमध्ये लिटरला १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. पाणी न घालता वापरलं तर ते चांदीच्या कडा थोड्या विरघळवतं आणि दाणा मऊ पडतो. १८९१ पासूनचं रोडिनल हे दुसरं डेव्हलपर जास्त पाणी घालून वापरतात, त्यात असं काही होत नाही, दाणा टोकदार उठतो. माणसांच्या चेहऱ्यांना मला पहिलं आवडतं, किल्ल्यांच्या दगडांना दुसरं. पण पहिले सहा महिने एकच फिल्म आणि एकच डेव्हलपर. रोज नवा मसाला घातलात तर आमटी कशाने बिघडली ते कळणार नाही.

एक रोल मात्र मुद्दाम खर्च करा. सावलीतल्या चुन्याच्या भिंतीपुढे कुणालातरी बसवा आणि उजेड मोजणारं मीटर सांगेल त्याच्या दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खालपासून दोन स्टॉप वरपर्यंत फोटो घ्या. सगळ्यांचे प्रिंट भिंतीचा करडा रंग सारखा येईल असे काढा. कमी उजेडाच्या फोटोत सावल्या गेलेल्या दिसतील आणि कडक (काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणारा) कागद लागल्यामुळे दाणाही उठेल. जास्त उजेडाच्या फोटोत सावल्या मिळतील, पण दाट निगेटिव्हमुळे भिंत खरखरीत होईल. एक्सपी२ सुपर ही कृष्णधवल फिल्म घेतलीत तर उलटा अनुभव येईल. ती रंगीत फिल्मच्या रसायनांत धुतात, चांदी निघून जाते आणि रंगद्रव्याचे ढग उरतात. तिला जरा जास्त उजेड दिला की दाणा कमी होतो. स्कॅन करणार असाल तर शार्पनिंग बंद ठेवा, नाहीतर दोष फिल्मचा की सॉफ्टवेअरचा ते समजत नाही.

त्या दिवशी काकांनी तेच निगेटिव्ह पुन्हा एनलार्जरमध्ये (निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रात) घातलं. ईझलवर, म्हणजे खाली कागद धरणाऱ्या चौकटीवर, ग्रेन फोकसर (दाणा मोठा करून दाखवणारं भिंग) ठेवला आणि म्हणाले, "डोळा लाव. तोंडावर फोकस करू नकोस, दाण्यावर कर." मी नॉब फिरवत गेलो. राखाडी धुकं हललं, दाटलं आणि एकदम हजारो ठिपके लखलखीत उभे राहिले. मग त्यांनी मऊ ग्रेडचा कागद घेतला, चौकट अख्खी ठेवली आणि पाच बाय सातचा प्रिंट काढला. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये घाट हळूहळू वर आला.

"रवा गेला की," मी म्हणालो.

"कुठं गेला? तेवढाच आहे," काका म्हणाले. "जरा भाजून घेतला."