'पळू नको' ऐवजी 'हळू चाल': बालवाडीतील मुलांना वळण लावताना

बालवाडीत ताईंच्या तोंडी दिवसभर येणारा शब्द म्हणजे 'नको'. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाला 'पळू नको' एवढेच सांगितले, तर पळण्याऐवजी काय करायचे हे त्याला उमगत नाही; म्हणून अपेक्षित कृतीच सांगावी. 'पाणी सांडू नको' न म्हणता 'पेला दोन्ही हातांनी धर' म्हणावे आणि तेही मुलाजवळ जाऊन, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून, नाव घेऊन. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडल्यास सगळी मुले दचकतात. ज्याच्यासाठी ओरडलो, नेमके त्याचेच लक्ष नसते.

मुलाला बोलण्यापूर्वी खोलीची मांडणी तपासावी. मधोमध मोकळी लांब जागा असेल तर मुले पळणारच. तिथे चटया किंवा बुटके कपाट ठेवून कोपरे पाडावेत. आवडते खेळणे एकच ठेवून 'वाटून खेळा' सांगण्यापेक्षा तशीच दोन-तीन ठेवावीत, कारण वाटून घेणे या वयात नुकतेच उमलू लागलेले असते. खिचडीपूर्वी हात धुण्यासाठी तीस मुलांना एकदम रांगेत उभे केले की ढकलाढकली ठरलेलीच. पाच-पाच मुले पाठवून उरलेल्यांना बडबडगीतात गुंतवावे. 'पाच मिनिटांत आवरा' हे मुलांना कळत नाही, 'अजून दोन ठोकळे लावा, मग आवरायचे' हे कळते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील कोसबाड परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. त्या मानाने चटई हलवणे फार अवघड नाही.

खरी कसोटी लागते ती मूल चावते किंवा मारते तेव्हा. अशा वेळी हात धरून कृती थांबवावी, मात्र आधी जवळ घ्यावे ते दुखावलेल्या मुलाला. नंतर चावणाऱ्याला शांत, ठाम आवाजात सांगावे, 'तुला ठोकळा हवा होता, राग आला. चावल्यावर दुखतं. हवा असेल तेव्हा "मला दे" असं म्हण.' घरी वारली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला हे शब्द त्याच्या बोलीत मिळाले तर उत्तम. बळेच 'सॉरी' म्हणायला लावू नये; त्यातून मूल एवढेच शिकते की शब्द उच्चारला की सुटका होते. त्याऐवजी ओला रुमाल आणायला सांगावा, म्हणजे दुखावलेल्याला बरे वाटावे यासाठी काहीतरी केल्याचा अनुभव त्याला मिळतो. बागुलबुवाची भीती, कोपऱ्यात उभे करणे, 'हा खोडकरच आहे' असा शिक्का, हे सर्व टाळावे. एकच मूल वारंवार चावत असेल तर दोन आठवडे वेळ, जागा आणि सोबतची मुले यांची नोंद ठेवावी. पुष्कळदा भूक, अपुरी झोप किंवा गर्दी हे कारण सापडते.

शाबासकीही नेमकी असावी: 'शहाणी बाळ' पेक्षा 'तू ठोकळे टोपलीत ठेवलेस' हे अधिक उपयोगी.

घरी न्यायला आलेल्या पालकांपुढे, मुलाच्या देखत, तक्रारीचा पाढा वाचू नये. त्याचा शेवट बहुधा घरच्या चापटीत होतो. काय घडले आणि आपण काय केले हे बाजूला घेऊन सांगावे आणि मुलाची झोप कशी आहे, घरात नवे बाळ आले आहे का, हेही विचारून घ्यावे.