पीएमपीची तयारी : नापास झाल्यावर मी काय बदललं

२०२४ च्या मे महिन्यात मी पीएमपीला, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा बसले आणि पास झाले. मधल्या सात महिन्यांत मी एकही नवीन पुस्तक घेतलं नाही, अभ्यासाची पद्धत तेवढी बदलली. ती इथे लिहिते आहे, कारण बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझ्यासारखे खूप जण आहेत. हातात डिप्लोमा, पाठीशी दहा-बारा वर्षांचं काम, आणि मनात शंका की ही परीक्षा आयटीवाल्यांची, आपलं तिथे काय काम.

मी बडोद्यातच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात आहे. ऑर्डर आल्यापासून माल ग्राहकाच्या सबस्टेशनवर उभा राहीपर्यंत सगळं माझ्याकडे असतं. हुद्दा मात्र कोऑर्डिनेटर. ही परीक्षा घेणाऱ्या पीएमआय या संस्थेला हुद्द्याशी देणंघेणं नाही, तुम्ही प्रोजेक्ट चालवला का, एवढंच ते बघतात. मी अर्ज केला तेव्हा चार वर्षांची पदवी असेल तर गेल्या आठ वर्षांतला ३६ महिन्यांचा अनुभव लागत होता, डिप्लोमा असेल तर ६० महिन्यांचा. त्याशिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. दोन प्रोजेक्ट एकाच वेळी चालू होते म्हणून महिने दुप्पट होत नाहीत, हे आधीच कागदावर मांडून बघा.

अर्ज घाईत भरू नका. प्रत्येक प्रोजेक्टबद्दल थोडक्यात लिहावं लागतं : उद्दिष्ट काय होतं, तुमची जबाबदारी काय, शेवटी हाती काय आलं. माझा पहिला मसुदा असा होता : ‘मटेरियल मागवलं, फॉलोअप केला, डिस्पॅच केला.’ तो वाचून माझं मलाच कळेना, की यात मी चालवलं काय? मग चार रविवार एकेका ऑर्डरची जुनी फाइल काढून बसले. वेळापत्रक कुणी आखलं? ग्राहकाने ड्रॉइंग बदललं तेव्हा खर्च किती वाढेल याचा हिशेब कुणी मांडला? टेस्टिंगला उशीर होणार हे कुणी आधी ओळखलं? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘मी’ असंच होतं. त्या चार रविवारी माझा निम्मा अभ्यास झाला, कारण पुस्तकातले शब्द मला माझ्याच फायलींत सापडायला लागले.

अर्जाबाबत आणखी दोन गोष्टी. काही अर्ज ऑडिटसाठी निवडले जातात. तसं झालं तर अनुभवावर तुमच्या तेव्हाच्या वरिष्ठांची सही लागते आणि कागद पाठवायला ९० दिवस मिळतात. त्यामुळे अर्ज पाठवण्याआधीच जुन्या साहेबांना फोन करून सांगून ठेवा. दुसरी गोष्ट खास बायकांसाठी : मार्कशीटवर माहेरचं आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं असं अनेकींचं असतं. परीक्षेला जे ओळखपत्र नेणार, त्यावरचं नाव अक्षर न अक्षर नोंदणीत हवं. हे पहिल्या दिवशीच जुळवून घ्या.

अर्ज मंजूर झाला की वर्षभराची मुदत मिळते आणि त्यात तीनदा बसता येतं, दर वेळी फी भरून. पीएमआयचे सभासद झालात तर परीक्षेची फी कमी पडते आणि पीएमबॉक गाइड, म्हणजे त्यांचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं मार्गदर्शक पुस्तक, डाउनलोड करायला मिळतं.

मी बसले तेव्हा पेपर १८० प्रश्नांचा होता, २३० मिनिटांचा, मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या. त्यातले पाच प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. माणसं सांभाळण्यावर ४२ टक्के, कामाच्या प्रक्रियेवर ५० टक्के, व्यवसायाच्या परिस्थितीवर ८ टक्के. हा आराखडा पीएमआय अधूनमधून बदलतं, म्हणून अभ्यास सुरू करण्याआधी त्यांच्या साइटवरून चालू आराखडा उतरवून घ्या. मित्राच्या जुन्या नोट्सवर विसंबू नका.

आता मी नापास का झाले ते. प्रक्रिया मला तोंडपाठ होत्या, कोणती कशानंतर येते हे झोपेत सांगितलं असतं. पण पेपरमध्ये व्याख्या विचारतच नाहीत. एक प्रसंग देतात आणि विचारतात : प्रोजेक्ट मॅनेजरने आता आधी काय करावं? चारही पर्याय बरोबर वाटतात, आणि आपण कारखान्यात इतकी वर्षं जे केलं तेच निवडतो.

उदाहरण घ्या. इन्स्पेक्शनला आलेला ग्राहकाचा इंजिनिअर सांगतो, टर्मिनल बॉक्स या बाजूला नको, त्या बाजूला हवा. आमच्याकडे काय होतं? एक तर ग्राहक नाराज नको म्हणून फॅब्रिकेशनला लगेच निरोप जातो, नाही तर साहेबांना फोन. परीक्षेत ही दोन्ही उत्तरं चूक. आधी या बदलाने वेळ, खर्च आणि दर्जा यांवर काय परिणाम होईल ते बघायचं, मग रीतसर चेंज रिक्वेस्ट लिहायची, मंजुरी मिळाली की काम. आमच्या शॉपमध्ये एक वयस्कर फोरमन आहेत. नवीन पोराने स्पॅनर उचलला की ते म्हणतात, ‘पहेलां जो, पछी कर.’ आधी बघ, मग कर. हे वाक्य मी मॉक टेस्टच्या वेळी समोर चिकटवून ठेवलं होतं आणि त्याने मला जितके गुण मिळवून दिले तितके कोणत्याही क्लासने दिले नाहीत.

टीममधले दोघे भांडले? वरिष्ठांकडे तक्रार नको, बदलीही नको. आधी त्या दोघांशी बोलून कारण समजून घ्या. वेंडरने उशीर केला? दंड लावण्याआधी करारात काय लिहिलंय ते वाचा. स्पॉन्सरकडे, म्हणजे प्रोजेक्टला पैसा आणि पाठबळ देणाऱ्याकडे, जायचंच नाही असं नाही, पण आपल्या अधिकारात जे आहे ते करून झाल्यावर.

हे वळण अंगी लागण्यासाठी मी चुकांची वही केली. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे. साधी दोनशे पानी वही, प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला अर्धं पान. प्रसंग दोन ओळींत, मराठीत. मी काय निवडलं. का निवडलं, अगदी खरं. बरोबर उत्तर काय आणि ते माझ्या उत्तराच्या आधी का येतं. ‘का निवडलं’ हा रकाना टाळू नका. महिन्याभराने वही चाळली तर माझी तीच तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसली : ग्राहक नाराज होईल ही भीती, साहेबांना विचारल्याशिवाय हलायचं नाही ही सवय, आणि दुसऱ्याला सांगण्यापेक्षा मीच करून टाकते हा स्वभाव. कोणता धडा कच्चा आहे हे मॉक टेस्ट सांगते. आपण कुठे घसरतो ते मला वहीने दाखवलं.

मराठीत लिहायचं कारण असं, की पेपर मराठीत नसतो. इंग्रजी प्रश्न वाचून ‘कळला’ असं वाटतं, पण दोन ओळींत मराठीत सांगता आला नाही तर तो कळलेला नसतो. लांब प्रश्नात मी शेवटची ओळ आधी वाचायला लागले. ‘आधी काय करावं’ आणि ‘आधी काय करायला हवं होतं’ यांत उत्तर पार बदलतं.

माझ्या पेपरात जवळपास निम्मे प्रश्न अ‍ॅजाइल आणि हायब्रिड पद्धतीचे होते. पहिलीत सगळं आधी आखून न ठेवता छोट्या टप्प्यांत काम करतात, दुसरीत ती आणि आधी आखून चालायची पद्धत मिसळतात. कारखान्यातल्या माणसाला हा भाग परका वाटतो. २००१ मध्ये सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यातली चार मूल्यं आणि बारा तत्त्वं नीट वाचा, पाठ करायची गरज नाही. मला ते खरं कळलं ते सासूबाईंच्या फराळामुळे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दिवाळीत त्या ऑर्डरी घेतात. त्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन रकाने केले : करायचं, चालू, झालं. आधी एकाच वेळी चकली, करंजी, अनारसे, चिवडा असं सगळं काढलेलं असायचं आणि कशालाच शेवट नसायचा. ‘चालू’मध्ये दोनच चिठ्ठ्या, असा नियम केला. काम हलकं झालं, आणि चालू कामावर मर्यादा का घालतात हे मला पुन्हा वाचावं लागलं नाही. कोणती ऑर्डर आधी हे सासूबाई ठरवणार, म्हणजे त्या प्रॉडक्ट ओनर. गॅस संपला, बेसन आलं नाही, हे अडथळे मी काढणार, म्हणजे स्क्रम मास्टर. स्प्रिंट, म्हणजे ठरावीक दिवसांचा कामाचा टप्पा, चालू असताना नवीन मागणी आली तर ती बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, जाते आणि तिचा क्रम प्रॉडक्ट ओनर लावतो, हे उत्तर मग चुकत नाही.

रिस्क आणि इश्यू यांतला फरक मला त्या ऑगस्टने शिकवला. विश्वामित्री नदी पावसाळ्यात चढते हे बडोद्यात लहान मुलालाही ठाऊक असतं, तोवर ती रिस्क : रजिस्टरमध्ये लिहायची, तजवीज ठरवायची, नजर ठेवायची. २०२४ च्या ऑगस्टअखेर पाणी खरोखर शहरात शिरलं, तेव्हा तो इश्यू झाला. त्या वेळी नव्याने विचार करत बसायचं नसतं, ठरवलेली तजवीज अमलात आणायची असते. आमच्या एका डिस्पॅचसाठी ती लिहिलेलीच नव्हती. परीक्षेतही असाच क्रम असतो : घडलेली गोष्ट आधी रजिस्टरमध्ये होती का ते बघा, असेल तर ठरलेला उपाय करा आणि इश्यू लॉगमध्ये नोंदवा.

गणितांची भीती बाळगू नका, ती थोडी असतात. चार लाखांचं काम झालं आणि खर्च पाच लाख, तर सीपीआय, म्हणजे झालेल्या कामाची किंमत भागिले खर्च, ०.८. एकूण बजेट दहा लाख असेल तर याच वेगाने खर्च साडेबारा लाखांवर जाईल. आठ जणांच्या टीममध्ये प्रत्येकाच्या प्रत्येकाशी संवादाच्या वाटा २८. एवढं हाताला वळलं की पुरे.

वेळापत्रक आखताना सण आधी वजा करा. मी नवरात्राचे नऊ दिवस आणि दिवाळीचा आठवडा कोरा सोडला होता. रात्री गरब्याहून आल्यावर वाचू, असं ठरवलं तर ते होत नाही आणि उगाच मनाला लागतं. बाकी रोज पहाटे दीड तास आणि शेवटच्या सहा आठवड्यांत दर रविवारी पूर्ण १८० प्रश्न एका बैठकीत. २३० मिनिटांच्या पेपरात एका प्रश्नाला ७७ सेकंदही मिळत नाहीत. ६० प्रश्नांना ७६ मिनिटं, हा ठेका अंगात भिनायला हवा. पहिल्या खेपेला मी सुरुवातीच्या ६० प्रश्नांवरच ९५ मिनिटं घालवली होती. सुट्टी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही, म्हणून एकही कोरा न ठेवता पुढे जा. चुकीला गुण कापत नाहीत.

परीक्षा घरूनही देता येते. मी पहिली घरून दिली. टेबल मोकळं, खोलीत दुसरं कुणी नाही, कच्चं लिहायला कागदसुद्धा नाही, आणि बाहेर दांडिया बाजारचा आवाज. माझं सगळं लक्ष कॅमेऱ्याकडे. दुसऱ्यांदा अहमदाबादच्या केंद्रावर गेले, आदल्या संध्याकाळीच बहिणीकडे मुक्कामाला. तुमच्या घरी चार तास दार बंद राहण्याची खात्री नसेल तर केंद्रच घ्या.

पास झाल्यावर तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे शिकण्या-शिकवण्याच्या तासांचे गुण, मिळवायचे असतात, नाही तर सर्टिफिकेटची मुदत संपते. मी सध्या दर दुसऱ्या रविवारी कारखान्यातल्या तीन डिप्लोमावाल्या मुलांना शिकवते, त्याचेही पीडीयू नोंदवता येतात. पहिल्या दिवशी त्यांना फक्त एक कोरी वही आणायला सांगितली होती.