सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? वाद घालताना या चुका टाळा

कोणी म्हणतं ब्रॅडमन, कोणी फेल्प्स, कोणी मेस्सी, आणि तोवर गप्प बसलेला एक जण हळूच 'जहांगीर खान' असं नाव टाकतो. पाच मिनिटांत आवाज चढतात. गंमत म्हणजे चौघांनी चार वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात. ब्रॅडमनवाल्याचा प्रश्न असतो, आपल्या खेळातल्या इतरांना सर्वांत मागे कोणी टाकलं? फेल्प्सवाला पदकं मोजतोय. मेस्सीवाल्याच्या डोक्यात जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळातला अव्वल माणूस आहे. आणि स्क्वॉशमध्ये १९८१ ते १९८६ न हरलेल्या जहांगीरचं नाव घेणाऱ्याला न हरणं हीच थोरवी वाटते. चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून तर वाद संपत नाही.

पहिली चूक हीच. मोजपट्टी न ठरवता नाव घ्यायचं, आणि मग नावाला शोभेल अशी मोजपट्टी शोधत बसायचं. मुलगी आधी पसंत करून नंतर पत्रिका जुळवून घेणारे असतात ना, तसं. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. कागदावर पाच रकाने आखा: समकालीनांवरचं अंतर, टिकाव, स्पर्धेची खोली (किती देश, किती तगडे खेळाडू), कौशल्यांची रुंदी आणि मोठ्या दिवसाची कामगिरी. शंभर गुण पाचांत वाटा. माझी वाटणी ३०, २०, २५, १०, १५ अशी असते. तुमची वेगळी असू द्या, पण ती कोणाचंही नाव निघायच्या आधी लिहून झालेली हवी. 'एवढं कशाला, सरळ सांगा ना' म्हणणाऱ्याला कागदापासून लांब बसवा.

पदकांची बेरीज

ही चूक सर्वांत जुनी आणि सर्वांत हट्टी. 'फेल्प्सची २८ ऑलिंपिक पदकं, त्यात २३ सुवर्ण, विषय संपला.' विषय तिथे सुरू होतो. जलतरणात एकच माणूस चार प्रकारच्या पोहण्यांत, वेगवेगळ्या अंतरांत, मेडलेत आणि वर रिलेत उतरू शकतो. एका ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णं मिळवण्याची सोय तिथे मुळातच आहे, आणि २००८ मध्ये बीजिंगला फेल्प्सने ती सगळी वसूल केली. कुस्तीगीराला एका ऑलिंपिकमध्ये मिळून मिळून एक पदक. हॉकीपटूलाही एकच, तेही अख्ख्या संघाला मिळालं तर.

म्हणून पदकांशेजारी संधी लिहायची. फेल्प्स २००० ते २०१६ या काळात पाच ऑलिंपिकमध्ये मिळून ३० शर्यतींत उतरला. सिडनीत १, अथेन्स आणि बीजिंगला प्रत्येकी ८, लंडनला ७, रिओत ६. सुवर्ण २३. म्हणजे साधारण ७७ टक्के. आता रशियाचा अलेक्सांद्र करेलिन घ्या. ग्रीको-रोमन कुस्तीत १९८८, १९९२ आणि १९९६ ला सुवर्ण, २००० ला रुलन गार्डनरकडून एका गुणाने हार आणि रौप्य. चार संधी, तीन सुवर्णं, ७५ टक्के. २३ विरुद्ध ३ असं दिसणारं अंतर दोन टक्क्यांवर आलं! उसेन बोल्टचा हिशेब केलात तर दहा शर्यतींत आठ सुवर्णं, ८० टक्के.

बोल्टची आठच, नऊ नाहीत. बीजिंगच्या ४ गुणिले १०० मीटर रिलेतला त्याचा सहकारी नेस्ता कार्टर उत्तेजक चाचणीत दोषी ठरला आणि २०१७ च्या जानेवारीत ते सुवर्ण अख्ख्या संघाचं गेलं. बोल्ट जसा धावला होता तसाच धावला होता. फेल्प्सच्या २३ मधली १० सुवर्णंसुद्धा रिलेची आहेत. सांघिक पदकं वेगळ्या रकान्यात ठेवा असं सांगितलं की लोक चिडतात. ठेवा तरीही. फेल्प्सची १३ वैयक्तिक सुवर्णं उरतात, ती कमी वाटत असतील तर गोष्ट वेगळी.

टक्केवारीही आंधळेपणाने फिरवू नका. ३० वेळा पाण्यात उतरून ७७ टक्के राखणं आणि चार वेळा मॅटवर उतरून ७५ टक्के राखणं एकच नाही. पहिल्यात नशिबाचा वाटा कमी. टक्केवारी फक्त एवढंच सांगते की २३ आणि ३ हे आकडे शेजारी ठेवून निकाल लागत नाही.

टेनिसमध्ये हीच चूक जेतेपदांच्या बेरजेत होते. 'जोकोविच २४, रॉड लेव्हर ११.' लेव्हरने १९६२ मध्ये चारही ग्रँडस्लॅम जिंकली आणि तो व्यावसायिक झाला. त्या काळी व्यावसायिकांना ग्रँडस्लॅमची दारं बंद होती. १९६३ ते १९६७ या पाच वर्षांतल्या २० स्पर्धा त्याला खेळताच आल्या नाहीत. १९६८ ला दारं उघडली आणि १९६९ मध्ये त्याने पुन्हा चारही जिंकल्या. मधल्या पाच वर्षांच्या रकान्यात शून्य लिहायचं की रिकामी जागा सोडायची, हे ठरवल्याशिवाय ११ हा आकडा तोंडातून काढू नका. उलट बाजूने मार्गारेट कोर्टच्या २४ पैकी ११ ऑस्ट्रेलियन आहेत, आणि तिच्या काळात बाहेरच्या बऱ्याच खेळाडू तिथवर जातच नसत. बेरीज दोन्हीकडे फसवते. फुटबॉलमध्ये पेलेने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बलॉन डी'ऑर पुरस्कार कधी जिंकला नाही म्हणून नाक मुरडणारे भेटतात. १९९५ च्या आधी तो युरोपीय खेळाडूंनाच मिळत असे.

आणि नुसती अजिंक्यपदंच मोजायची तर बास्केटबॉलमध्ये रॉबर्ट हॉरीची सात, मायकेल जॉर्डनची सहा. बोला आता.

कालयंत्रात बसवणं

'ओवेन्स आज शाळेच्या स्पर्धेत हरला असता.' हे वाक्य ऐकलं की समजायचं, बोलणाऱ्याने दोन आकडे पाहिले आहेत, धावपट्टी पाहिलेली नाही. जेसी ओवेन्स १९३६ मध्ये बर्लिनला १०० मीटर १०.३ सेकंदांत धावला. बोल्टचे ९.५८ सेकंदही बर्लिनचेच, त्याच ऑलिंपिक स्टेडियममधले, ७३ वर्षांनंतर, १६ ऑगस्ट २००९ चे. ओवेन्सच्या पायाखाली राखेची, चुऱ्याची धावपट्टी होती आणि सुरुवातीला पाय रोवायला खुरपीने खड्डे खणावे लागत. बोल्टला स्टार्टिंग ब्लॉक आणि सिंथेटिक ट्रॅक.

नवखे लोक इथे एका बाजूचीच दुरुस्ती करतात. ओवेन्सचा वेळ हाताने, घड्याळाची कळ दाबून मोजलेला होता. बंदुकीचा आवाज आणि अंगठा यांच्यात वेळ जातो, म्हणून १०० मीटरच्या अशा वेळेत विद्युत मोजणीशी तुलना करताना ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे. म्हणजे ओवेन्स १०.५४ वर गेला. ही दुरुस्ती त्याच्या विरुद्ध जाते, धावपट्टीची त्याच्या बाजूने. दोन्ही करा, नाहीतर एकही करू नका.

याहून वाईट प्रकार भालाफेकीत. 'नीरज चोप्राचा ९०.२३ मीटर, आणि पूर्व जर्मनीच्या उवे होनने १९८४ मध्येच १०४.८० मीटर फेकला होता, साडेचौदा मीटर जास्त!' आकडे दोन्ही खरे, तुलना साफ खोटी. होनच्या त्या फेकीने भाला मैदानाच्या टोकाशी पोचू लागला, शिवाय जुना भाला अनेकदा आडवा पडायचा आणि टोक आधी टेकलं की नाही यावरून वाद व्हायचे. म्हणून १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. भाला लवकर नाक खाली घालू लागला, अंतरं घटली आणि विक्रमांची वही नव्याने उघडली. होन आणि नीरज एकच वस्तू फेकतच नाहीत. जलतरणात असंच २००९ मध्ये झालं. रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांत ४३ विश्वविक्रम झाले आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद.

यावरची सवय सोपी. मीटर, सेकंद, धावा काहीही असो, आधी त्याच वर्षाच्या दुसऱ्या-तिसऱ्या-दहाव्या क्रमांकाशी तुलना करायची. माणसाला त्याच्या काळातून उपटून आणायचं असेल तर दुसऱ्यालाही आजचे बूट काढायला लावा.

९९.९४ फेकून मारणं

मराठी घरांत हा वाद बहुतेक वेळा इथेच येऊन थांबतो: ब्रॅडमन की सचिन. ब्रॅडमनच्या बाजूने ९९.९४ ही कसोटी सरासरी आणि तिच्या मागे एक सांख्यिकीचा दाखला येतो. ऑस्ट्रेलियाचे चार्ल्स डेव्हिस यांनी सरासरीपासूनचं अंतर प्रमाण विचलनात (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापात) मोजलं. ब्रॅडमन ४.४, पेले ३.७, बेसबॉलचा टाय कॉब ३.६, गोल्फचा जॅक निक्लॉस ३.५, जॉर्डन ३.४. घाईतला माणूस ४.४ हा आकडा चिकटवतो आणि निकाल लागला असं मानून मोकळा होतो.

थांबा. एक तर प्रत्येक खेळात मोजलेली गोष्ट वेगळी आहे, फलंदाजाची सरासरी आणि पेलेचे दर सामन्यातले गोल. ज्या खेळात असा एकच चोख आकडा नाही तिथला माणूस या यादीत येणारच नाही. ध्यानचंद किंवा मुहम्मद अलीला प्रमाण विचलनात कसं बसवणार? दुसरं, ज्या खेळात थोडे देश आणि थोडे खेळाडू असतात तिथे एकट्याने फार पुढे निघून जाणं तुलनेने सोपं जातं. ब्रॅडमनच्या ५२ पैकी ३७ कसोट्या इंग्लंडविरुद्ध. कसोटी तो फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या भूमीवर खेळला.

एवढं सगळं मान्य केल्यावर मात्र प्रामाणिकपणे उलट तपासणीही करायला हवी, आणि तिथे ब्रॅडमनविरोधक पळ काढतात. १९४७-४८ ला आपल्याविरुद्धची त्याची १७८.७५ ची सरासरी बाजूला ठेवा. फक्त इंग्लंडविरुद्धची धरा, तरी ८९.७८. त्याच काळात, त्याच खेळपट्ट्यांवर खेळलेले हॅमंड ५८.४५, सटक्लिफ ६०.७३, हेडली ६०.८३. खास त्याला रोखायला इंग्लंडने बॉडीलाइन, म्हणजे अंगावर चेंडू टाकायची गोलंदाजी आणली, त्या मालिकेत तो 'अपयशी' ठरला ५६.५७ च्या सरासरीने. अंतराच्या रकान्यात त्याला पूर्ण गुण, खोलीच्या रकान्यात कापायचे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

सचिनच्या भक्तांना एकच सांगणं: त्याला अंतराच्या रकान्यात ओढू नका, तिथे ५३.७८ च्या कसोटी सरासरीने त्याचं नुकसानच होतं. १९८९ ते २०१३, २०० कसोट्या, शंभर आंतरराष्ट्रीय शतकं. त्याचा दावा टिकावाचा आहे, आणि त्या रकान्यात त्याच्यासमोर उभं राहणारे फार थोडे.

बाकीच्या, पटापट

ध्यानचंदसाठी १९३२ चा अमेरिकेविरुद्धचा २४-१ पुढे करू नका. त्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचे तीनच संघ होते, आणि त्या सामन्यात त्यांच्यापेक्षा जास्त गोल धाकट्या रूपसिंगचे होते. १९३६ ची अंतिम लढत घ्या, यजमान जर्मनीविरुद्ध ८-१. काठीत चुंबक शोधल्याच्या कथा तर मुळीच नकोत.

'तो कुठल्याही खेळात चमकला असता.' जॉर्डन १९९४ मध्ये बेसबॉलच्या कनिष्ठ संघात गेला, फलंदाजीची सरासरी .२०२, म्हणजे अगदीच सुमार.

'बास्केटबॉलच्या अंतिम फेरीत जॉर्डन सहापैकी सहा, लेब्रॉन दहापैकी चार.' म्हणजे अंतिम फेरीपर्यंत न पोचणं हे तिथे हरण्यापेक्षा चांगलं?

स्त्रियांना शेवटी 'महिलांमध्ये कोण' अशा वेगळ्या ताटात वाढायची सवय सोडा. फॅनी ब्लँकर्स-कोएन १९४८ ला तिशीत, दोन मुलांची आई असताना चार सुवर्णं जिंकली. वैयक्तिक प्रकार तीनच खेळायची मुभा होती, त्यामुळे लांब उडी आणि उंच उडीचे विश्वविक्रम नावावर असूनही ती त्यांत उतरली नाही. त्याआधीची दोन ऑलिंपिक युद्धाने गिळली. चाकाच्या खुर्चीवरच्या टेनिसमध्ये एस्थर व्हर्गियर सलग ४७० एकेरी सामने जिंकून निवृत्त झाली. जहांगीरचं नाव घेणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

उत्तेजकांचा डाग सिद्ध झालेला माणूस यादीतच नको. सायकलपटू आर्मस्ट्राँगची टूर दी फ्रान्सची सातही जेतेपदं गेली, चर्चा कसली.

वाद अडला तर

रकाने भरून झाले आणि दोन नावं जवळजवळ आली, की बहुतेक जण अर्ध्या गुणावरून भांडतात. त्याऐवजी वजनं हलवून बघा. वरच्या वाटणीत ब्रॅडमनला अंतर ३०, टिकाव १८, खोली १०, रुंदी ४, मोठा दिवस १३ दिले तर ७५ होतात. मेस्सीला २१, १९, २५, ६, १२ दिले तर ८३. आता अंतराला ४० आणि खोलीला १५ गुण ठेवा, त्या दोन रकान्यांतले गुण त्याच प्रमाणात वाढवा-घटवा, बाकी काही बदलू नका. ब्रॅडमन ८१, मेस्सी ८०. दहा गुण इकडचे तिकडे केले आणि नाव फिरलं. तेव्हा समोरच्याला ब्रॅडमन का आवडतो हे विचारू नका. खोलीला तो पंधराच गुण का देतो ते विचारा, त्यावर बोलता येतं.

बुद्धिबळपटूला खेळाडू म्हणायचं का, हा मुद्दा कोणी काढलाच तर रकान्यांचा कागद घडी करून खिशात ठेवा आणि चहा सांगा. त्या रात्री मूळ वादाकडे कोणी परत येत नाही.