केमो आधी, ऑपरेशन नंतर: सोबतीला असणाऱ्याची कामं

"गाठ दिसतेय ना, मग आधी कापून का टाकत नाहीत?" माझ्या धाकट्या जावेला स्तनाचा कर्करोग निघाला तेव्हा घरात येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा. याचं उत्तर तुम्ही पाठ करून ठेवा, पेशंटला द्यायला लावू नका. केमोने गाठ लहान झाली तर काही जणींचा अख्खा स्तन काढावा लागत नाही, शिवाय औषध लागू पडतंय का हे गाठीवरून कळत राहतं. ऑपरेशन नंतर ठेवलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं नव्हे.

खरी धावपळ पहिल्या केमोच्या आधी. कप्प्यांची फाईल घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्ट सापडत नाहीत. बायोप्सीच्या रिपोर्टात ईआर, पीआर आणि हर-टू शोधा, या गाठीच्या पेशींवर तपासलेल्या तीन खुणा, औषधं बरीचशी त्यावरच ठरतात. शेवटच्या कप्प्यात रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर लागतात. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, देणार असतील तर आधी हृदयाचा टूडी इको होतो. दुखरी दाढ असेल तर आत्ताच दाखवा. गाठीत बारीक क्लिप बसवणार का, हेही विचारा. केमोने गाठ दिसेनाशी झाली तरी सर्जनला जागा सापडायला हवी.

तिला पुढे मूल हवं असेल तर ते बोलणं पहिल्या डोसाआधीच व्हायला हवं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये, सासूबाईंसमोर नाही.

लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. आधीच सांगून ठेवा, नाहीतर रक्त समजून घाबरते. थर्मामीटर उशाशी हवा. ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की रात्रीचे दोन असोत, हॉस्पिटलला फोन. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्यात सर्वांत कमी असतात, तेव्हा सर्दीवाल्या पाहुण्यांना दारातूनच चहा पाजून लावा वाटेला. वाईट दिसलं तर दिसू दे.

आमच्याकडे केमोच्या दिवशी फोडणी बंद. मोहरी तडतडली की तिला उमळून यायचं. गार झालेली मुगाची खिचडी मात्र चार घास जायची. गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल आणणारे भेटतीलच. ठेवून घ्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

केस बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळू लागतात. जावेने त्याआधीच पार्लरवाल्या ताईला घरी बोलावून बॉबकट करून घेतला. तिचं तिनं ठरवलं. तुम्ही सुचवायला जाऊ नका.

आणि फोन. नातेवाइकांसाठी मी व्हॉट्सॲपवर एकच ग्रुप काढला. 'केमो झाला, थोडं जेवली, झोपली आहे', एवढंच टाकायचे. तिला त्यात घेतलं नाही. तीच म्हणाली होती, "ताई, मला नको त्यात. माझी खबर मला आहे."