मनगटाची आठ हाडं आणि एक गार हात

पहिल्या वर्षी मला मनगटाची आठही हाडं क्रमाने म्हणता यायची. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी. अ‍ॅनाटॉमीत मार्कही चांगले पडले. शरीर कळलं, असं वाटायला तेवढं पुरेसं होतं. मग वॉर्डात पोस्टिंग लागलं.

दुचाकीवरून पडलेला एक तरुण मुलगा होता. पोटाला मार लागलेला, पण वरून पाहिलं तर नुसतं खरचटलेलं. मी बीपी घेतलं : ११२/८०. नाडी मोजली : १२४. दोन्ही आकडे लिहिले आणि पुढे ‘बीपी नॉर्मल’ असा ठसठशीत शेरा मारला. तो म्हणाला, “डावा खांदापण दुखतोय.” मी हात वरखाली करून पाहिला, खांदा व्यवस्थित फिरत होता. “पडताना आपटला असेल,” म्हटलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

सिस्टरांनी चार्ट पाहिला, त्याचा पंजा हातात धरला आणि मला हाक मारली. “तूही हात लावून बघ.” हात गार होता, घामाने ओलसर. “बीपी नॉर्मल आहे ना? मग हा गार का?” मला उत्तर देता येईना. डॉक्टर आले, तपासण्या झाल्या. प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे वर, बरगड्यांखाली असणारा अवयव, फाटली होती आणि पोटात रक्त साचत होतं. मुलगा वाचला, पण त्यात माझा वाटा नव्हता.

खरं तर उत्तर मला येत होतं. हृदय एका ठोक्यात साधारण ७० मिली रक्त बाहेर फेकतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास ५ लिटर. हे गणित मी पेपरात सोडवलेलं होतं. रक्त कमी झालं की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि दर ठोक्याची पिचकारी लहान होते. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी टोकं असतात, त्यांना हे लगेच कळतं. मग ठोके वाढतात, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आहे ते रक्त मेंदू-हृदयाकडे वळवलं जातं. म्हणून नाडी पळते आणि हात गार पडतो. धडधाकट तरुण माणसात सुमारे ३० टक्के, म्हणजे दीड लिटरच्या आसपास रक्त जाईपर्यंत वरचं बीपी बऱ्यापैकी टिकून राहू शकतं. त्याचं बीपी नॉर्मल होतं, कारण शरीर जिवाच्या आकांताने ते नॉर्मल ठेवत होतं. (उलटही घडतं : पेशंट बीटा ब्लॉकरवर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या औषधावर असेल तर रक्त जात असूनही नाडी फारशी वाढत नाही. औषधांची यादी वाचल्याशिवाय नाडीवर भिस्त ठेवू नका.)

आणि खांदा? त्याचा उलगडा मला पुस्तकात परत गेल्यावर झाला. गर्भात श्वासपटल मानेजवळ घडायला लागतं आणि खाली सरकताना आपली नस सोबत घेऊन येतं. म्हणून छातीच्या तळाशी असलेल्या या पडद्याची फ्रेनिक नर्व्ह निघते मानेतून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून. खांद्यावरच्या कातडीच्या संवेदनाही तिथेच पोहोचतात. डाव्या बाजूला साचलेलं रक्त पडद्याला खालून डिवचतं आणि मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. ‘सी ३, ४, ५’ मी घोकलं होतं. तो मुलगा तेच सांगत होता, मला ऐकू आलं नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. पान वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि विचारायचं : हे बिघडलं तर माणूस कसा दिसेल, काय सांगेल? उजवी मुख्य श्वासनलिका डावीपेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभी असते. म्हणजे गिळताना चुकून आत गेलेला दाणा बहुधा उजवीकडे सापडणार. अपेंडिक्सचं दुखणं आधी बेंबीभोवती मोघम का असतं आणि नंतर उजवीकडे खाली बोट ठेवून दाखवता येईल इतकं नेमकं का होतं, हे स्वतः शोधा. मी सांगितलं तर विसराल.

ऑक्सिमीटरचं मात्र सांगते. ९० म्हटलं की आपल्याला परीक्षेतले ९० आठवतात. पण रक्तातल्या ऑक्सिजनचा आलेख वर सपाट असतो आणि ९० च्या खाली उतार एकदम तीव्र होतो. ९८ वरून ९४ आणि ९० वरून ८६, फरक दोन्हीकडे चारचाच, पण दुसरा आकडा दिसला की धावायचं.

अभ्यासाला स्वतःचं शरीर वापरा. विल्यम हार्वेने १६२८ साली छापलेला प्रयोग घरी दोन मिनिटांत होतो. दंडाला पट्टी बांधा, नाडी लागत राहील इतपतच घट्ट. हाताच्या शिरा फुगतात आणि मध्ये मध्ये गाठी दिसतात, त्या झडपा. एका बोटाने शीर दाबून धरा, दुसऱ्याने रक्त कोपराकडे पुढच्या गाठीपलीकडे सारा आणि ते बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो. खालचं बोट उचललं की सर्रकन भरतो. पुढे सलाईनची सुई सरकवताना ती मध्येच अडली, तर ही गाठ आठवेल. तोवर सरळ, बिनगाठीचा तुकडा निवडायची सवय लागलेली असेल.

प्रत्येक बारक्या स्नायूचा उगम आणि शेवट सुरुवातीलाच पाठ करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, परीक्षेपुरतं करा. नसा कुठे कातडीच्या जवळ येतात, ते मात्र पक्कं हवं. कुल्ल्यावरचं इंजेक्शन वरच्या बाहेरच्या भागात देतात ते सायटिक नर्व्ह चुकवण्यासाठी. तिचीच एक फांदी, पाऊल आणि अंगठा वर उचलायला लावणारी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) मानेला वळसा घालते. तिथे तिच्यावर फक्त कातडी आणि थोडंसं मांस.

मागे एका रात्रपाळीला, पायाला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ गुडघ्यापाशी टोचतंय म्हणत होते. गोळी हवी होती त्यांना. मी पायाशी जाऊन म्हटलं, “काका, अंगठा खाली दाबा.” दाबला. “आता वर उचला बघू.” त्यांनी दातओठ खाल्ले, कपाळाला आठ्या पडल्या. अंगठा वर आला नाही. मी चार्ट तिथेच ठेवला आणि फोनकडे गेले.