अमेरिकेत शिकताय आणि स्टुडंट क्लब चालवताय? मग राजकारणाचे हे नियम आधी माहीत करून घ्या

मी अमेरिकेत मास्टर्स करत होते तेव्हा एक वर्ष आमच्या भारतीय विद्यार्थ्यांच्या क्लबची सेक्रेटरी होते, आणि नेमक्या त्याच वर्षी तिथल्या सिटी कौन्सिलला भारतीय वंशाच्या एक बाई उभ्या होत्या. आमच्यातल्या एकाने उत्साहाच्या भरात क्लबच्या इन्स्टाग्रामवर त्यांचा फोटो टाकला, खाली "यांनाच मत द्या", आणि कोपऱ्यात आमचा लोगो, ज्यात युनिव्हर्सिटीचं नाव होतं. दुपारपर्यंत स्टुडंट ॲक्टिव्हिटीज ऑफिसचा मेल आला की पोस्ट काढा आणि उद्या येऊन भेटा. भेटलो, त्यांनी शांतपणे समजावलं, विषय तिथेच संपला. पण आमच्यापैकी एकालाही नियम माहीत नव्हते हे मला खूप लागलं, कारण ज्या गोष्टी बिनधास्त करता येतात त्यांना आम्ही घाबरत होतो आणि जिथे खरंच जपायला हवं तिथे आम्हाला काही कल्पनाच नव्हती. तेव्हापासून दर वर्षी नवीन कमिटी आली की मी त्यांना हेच सांगत आलेय, आता एकदा सगळं लिहून ठेवते.

सगळ्यात आधी बघायचं, तुमची युनिव्हर्सिटी सरकारी आहे की खाजगी. बोलण्याच्या स्वातंत्र्याची जी फर्स्ट अमेंडमेंट आपण ऐकतो ती सरकारला बांधते, म्हणजे स्टेट युनिव्हर्सिटीला बांधते, खाजगी युनिव्हर्सिटीला थेट नाही. सरकारी कॅम्पसवर फक्त विचार पटत नाहीत म्हणून एखाद्या क्लबला मान्यता नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये हीली विरुद्ध जेम्स या केसमध्ये ठरवलंय, कनेक्टिकटच्या एका स्टेट कॉलेजने डाव्या विचारांच्या विद्यार्थी संघटनेला मान्यता नाकारली होती त्यावरून. खाजगी ठिकाणी तुमचं संविधान म्हणजे स्टुडंट हँडबुक, त्यात जे लिहिलंय ते. कॅलिफोर्निया थोडं वेगळं आहे, तिथे १९९२ चा लेनर्ड लॉ आहे ज्याने खाजगी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनाही जवळपास तेच संरक्षण दिलंय, धार्मिक संस्थांना सूट आहे.

आता तो मुख्य नियम ज्यामुळे ऑफिसवाले इतके काटेकोर असतात. बहुतेक युनिव्हर्सिट्या टॅक्स कोडच्या ५०१ सी ३ या कलमाखाली टॅक्समुक्त आहेत, आणि या कलमात १९५४ पासून अट आहे (तेव्हा सिनेटर असलेल्या लिंडन जॉन्सन यांनी घातलेली) की अशा संस्थेने कुठल्याही सार्वजनिक पदाच्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचारात पडायचं नाही. राष्ट्राध्यक्षापासून स्कूल बोर्डापर्यंत सगळी पदं यात आली. अट मोडली तर टॅक्सची सूट धोक्यात येऊ शकते, त्यामुळे एका इन्स्टा पोस्टसाठी मेल येतो यात आश्चर्य नाही. सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर वर राज्याचे कायदेही असतात, की जनतेच्या पैशाने आणि सरकारी साधनांनी कोणाचा प्रचार करायचा नाही.

पण हे बंधन संस्थेवर आहे, तुमच्यावर माणूस म्हणून नाही. प्रोफेसर, विद्यार्थी, क्लबचा प्रेसिडेंट, सगळ्यांना स्वतःचं मत असू शकतं आणि ते उघडपणे बोलता येतं, फक्त ते युनिव्हर्सिटीचं मत वाटता कामा नये. टॅक्स खात्यानेच १९७२ मध्ये एका रुलिंगमध्ये म्हटलंय की विद्यार्थी चालवत असलेल्या कॅम्पसच्या पेपरने संपादकीयात उमेदवाराला पाठिंबा दिला तरी तो युनिव्हर्सिटीचा पाठिंबा ठरत नाही. कॉलेज रिपब्लिकन्स १८९२ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीत सुरू झाले, कॉलेज डेमोक्रॅट्स १९३२ पासून आहेत, आणि दोघंही आजही कॅम्पसवर टेबल लावून बसतात. म्हणजे पक्षाचा क्लब असणं यात गैर काहीच नाही, काळजी घ्यायची ती नाव, पैसा आणि साधनं यांची.

नाव म्हणजे लोगो, मॅस्कॉट, लेटरहेड, युनिव्हर्सिटीच्या डोमेनवरचं वेबपेज. यातलं काहीही उमेदवाराच्या नावाशेजारी नको. बऱ्याच ठिकाणी क्लबच्या नावात युनिव्हर्सिटीचं नाव पुढे लावता येत नाही पण शेवटी "ॲट" लावून जोडता येतं, हे हँडबुकमध्ये बघा. आणि एक ओळ कायम लिहा, की हे मत क्लबच्या सदस्यांचं आहे, युनिव्हर्सिटीचं नाही. ओळ लिहिली म्हणजे सगळं माफ असं समजू नका, लोगो लावून खाली ही ओळ टाकली तर काही उपयोग नाही.

पैशाचं असं आहे की तुमच्या क्लबला जो फंड मिळतो तो बहुतेक वेळा सगळ्या विद्यार्थ्यांच्या ॲक्टिव्हिटी फीमधून येतो. सुप्रीम कोर्टाने २००० साली विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या साउथवर्थ केसमध्ये सांगितलंय की सरकारी युनिव्हर्सिटी अशी सक्तीची फी घेऊन क्लबना वाटू शकते, पण वाटताना कोणाचे विचार काय आहेत हे बघायचं नाही. त्यामुळे तुमचा क्लब वादग्रस्त विषयावर बोलतो म्हणून फंड कापला तर तुम्ही जरूर विचारू शकता. पण तोच पैसा उमेदवाराच्या पत्रकांवर, त्याच्या सभेच्या बसवर, त्याच्या देणगीत घालणं बहुतेक कॅम्पसवर साफ बंद असतं. आणि साधनं, म्हणजे क्लबचा मेल, मेलिंग लिस्ट, डिपार्टमेंटचा प्रिंटर, फुकट मिळणारा हॉल. उमेदवाराच्या प्रचाराची मीटिंग घ्यायची असेल तर हॉलचं भाडं बाहेरच्या कोणत्याही ग्रुपला लागतं तेवढंच भरायचं, नेहमीची सवलत घ्यायची नाही. आम्ही एकदा डिपार्टमेंटच्या प्रिंटरवर फक्त वीस पानं काढणार होतो, एका सीनियरने थांबवलं, बरं झालं.

मुद्द्यावर बोलणं आणि उमेदवारावर बोलणं यात मात्र फार मोठा फरक आहे, आणि इथे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त मोकळं रान आहे. व्हिसाचे नियम, ट्यूशन, बंदुका, हवामान, गर्भपात, कशावरही क्लब भूमिका घेऊ शकतो, पॅनेल ठेवू शकतो, सह्या गोळा करू शकतो. एकच जपा, निवडणूक तोंडावर असताना मुद्द्याचं पोस्टर उमेदवाराचं पोस्टर होऊ देऊ नका. नाव न घेता "या मंगळवारी आपल्या बाजूच्यालाच निवडा" असं लिहिलं आणि मागे त्याच्या प्रचाराचे रंग टाकले तर कोणीही ओळखतं, आणि टॅक्स खात्याच्या नियमात अशा इशाऱ्यांनाही प्रचारच समजतात.

उमेदवाराला बोलवायचं असेल तर बोलवा की, पण सगळ्यांना. त्याच पदासाठी उभे असलेल्या प्रत्येकाला मेल करा आणि ते मेल जपून ठेवा. कोणी आलं नाही तर तो तुमचा दोष नाही, पण संधी सारखी हवी. एकाला चारशे लोकांच्या वार्षिक जेवणाला बोलवायचं आणि दुसऱ्याला बुधवारी दुपारी रिकाम्या क्लासरूममध्ये, हे चालणार नाही. ओळख करून देताना सुरुवातीलाच सांगा की क्लब आणि युनिव्हर्सिटी कोणाच्याही बाजूने नाही, हॉलमध्ये देणगी गोळा करू देऊ नका, आणि डिबेट असेल तर प्रश्न विचारणारा तटस्थ माणूस निवडा. एखाद्या महापौराला महापौर म्हणून बोलवलं असेल, निवडणुकीसाठी नाही, तर मग त्यांच्या उमेदवारीचा उल्लेख पत्रकात नको, स्टेजवरून नको.

मतदार नोंदणीचं टेबल लावणं हे मला स्वतःला सगळ्यात आवडणारं काम. १९९८ च्या हायर एज्युकेशन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार कॉलेजांनी विद्यार्थ्यांपर्यंत नोंदणीचे फॉर्म पोचवायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा असतो, त्यामुळे ऑफिस सहसा मदतच करतं. पण टेबलवर बसून "कोणाला मत देणार" विचारायचं नाही आणि उत्तर ऐकून फॉर्म द्यायचा की नाही ते ठरवायचं नाही, जो येईल त्याला द्यायचा. भरलेले फॉर्म किती दिवसांत जमा करायचे, कोण गोळा करू शकतं, हे राज्यागणिक वेगळं आहे, टेक्सासमध्ये तर आधी काउंटीकडून डेप्युटी रजिस्ट्रार म्हणून नेमणूक घ्यावी लागते, आणि नॉर्थ डकोटात मतदार नोंदणी हा प्रकारच नाही. विद्यार्थी बरेचदा विचारतात की घरचा पत्ता द्यायचा की हॉस्टेलचा. कॉलेजच्या गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला फक्त विद्यार्थी आहे म्हणून वेगळी वागणूक देऊन नोंदणी नाकारता येत नाही, १९७९ मध्ये टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू कॉलेजच्या विद्यार्थ्यांबाबत हे सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन पक्कं झालंय. मतदानाच्या दिवशी कॅम्पसवरच बूथ असेल तर टीशर्ट आणि फ्लायर लांब ठेवा, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही.

आता हे नीट वाचा, विशेषतः एफ १ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरची मुलंमुली, कारण युनिव्हर्सिटी चुकीबद्दल समज देऊन सोडेल पण हे कायदे तुमच्या पुढच्या आयुष्याला चिकटतात.

अमेरिकन नागरिक नसलेल्या आणि ग्रीनकार्ड नसलेल्या माणसाने अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत, केंद्राच्या, राज्याच्या किंवा गावाच्या, एक डॉलरही देणगी द्यायची नाही आणि खर्चही करायचा नाही. ब्लुमन नावाचे एक कॅनेडियन वकील न्यूयॉर्कमध्ये वर्क व्हिसावर होते, त्यांना ओबामांच्या बाजूची पत्रकं स्वतःच्या पैशाने छापून सेंट्रल पार्कमध्ये वाटायची होती, ते कोर्टात गेले आणि २०११ मध्ये हरले, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोच निकाल कायम ठेवला. म्हणजे पत्रकाचा छपाईखर्चसुद्धा नाही. आणि आपल्याकडच्या सवयीने वर्गणी काढू नका! सगळ्यांनी वीस वीस डॉलर काढायचे आणि नागरिक असलेल्या एका मित्राच्या नावाने एकदम द्यायचे, हे दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं आहे, तो वेगळा गुन्हा आहे आणि तो मित्रही अडकेल. अशा देणगीसाठी आपल्या लोकांकडे मागणाराही अडकतो, म्हणून क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उमेदवाराच्या देणगीची लिंक टाकू नका, त्या ग्रुपमध्ये निम्मे लोक व्हिसावर असतात.

फुकट वेळ देता येतो, सभेला जाता येतं, दारोदार फिरता येतं, बोलता येतं. पण पैसे घेऊन केलं तर ती नोकरी झाली आणि त्याला व्हिसाची परवानगी लागते. शिवाय एक बारीक गोष्ट आहे जी खूप क्लबना माहीत नसते, ती म्हणजे निवडणुकीवर पैसा कुठे आणि किती खर्च करायचा या निर्णयातही परदेशी नागरिकाने भाग घ्यायचा नाही. तुमचा पक्षाचा क्लब असेल आणि ट्रेझरर एफ १ वर असेल तर तो विषय आला की त्याने मीटिंगमधून बाहेर जायचं आणि मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत, तसं लिहायचं.

मतदान तर नाहीच, पण नोंदणीसुद्धा चुकून होऊ देऊ नका. १९९३ च्या कायद्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसातच मतदार नोंदणीचा प्रश्न विचारतात, रांगेत कंटाळून आपण सगळ्याला हो म्हणतो, तिथे थांबा, वाचा, नाही म्हणा. नागरिक आहे असं खोटं सांगितल्याची नोंद झाली तर ग्रीनकार्डचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. चूक झालीच असेल तर लपवू नका, इंटरनॅशनल ऑफिस आणि इमिग्रेशन वकील, दोघांकडे लगेच जा.

निदर्शनांबद्दल थोडक्यात. सरकारी कॅम्पससुद्धा काय बोलता यावर नाही पण कधी, कुठे आणि कसं यावर नियम लावू शकतो, म्हणजे लाउडस्पीकर, रात्रीचा मुक्काम, दरवाजे अडवणं. २०२४ च्या वसंतात गाझा युद्धाविरुद्धच्या आंदोलनात कॅम्पसवर तंबू लागले त्यानंतर हे नियम खूप ठिकाणी कडक झालेत, कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीने त्याच ऑगस्टमध्ये सगळ्या कॅम्पसवर तंबूंवर आणि ओळख लपवायच्या मास्कवर बंदीचे आदेश दिले. सीनियरने दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं आज चालेल असं धरू नका. व्हिसावरच्यांनी आणखी सांभाळा, कारण सस्पेन्शन झालं तर फुलटाइम एनरोलमेंट जातं आणि त्याबरोबर व्हिसाचं स्टेटस जाऊ शकतं, आणि २०२५ मध्ये आंदोलनातल्या सहभागावरून, अगदी कॅम्पसच्या पेपरमधल्या लेखावरूनही विद्यार्थ्यांचे व्हिसे रद्द झालेत. मी कोणाला गप्प बसा म्हणत नाही, मनापासून नाही, पण उतरायच्या आधी प्रत्येकाला स्वतःची जोखीम माहीत असावी आणि नागरिक असलेल्या मित्रांनी पुढची रांग घ्यावी.

कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी फॅकल्टी ॲडव्हायझर आणि स्टुडंट ॲक्टिव्हिटीज ऑफिस दोघांनाही लेखी मेल करा, त्यात कोण येणार, पैसा कुठून, हॉल कुठला, पोस्टरवर काय, हे सगळं एकाच मेलमध्ये. फोनवर मिळालेली परवानगी धरू नका. स्टुडंट गव्हर्नमेंटची निवडणूक मात्र यात येत नाही, ते सार्वजनिक पद नाही, तिथे त्यांच्या इलेक्शन कमिटीचे वेगळे नियम असतात. कमिटी बदलताना इन्स्टाचा पासवर्ड नव्या सेक्रेटरीला द्यायच्या आधी तिच्यासोबत अर्धा तास बसून हे सगळं बोला, आमच्याकडे नेमकं तेच राहून गेलं होतं.