समुद्राच्या गाळातले फ्लॅजेलेट ओळखताना या चुका टाळा

फ्लॅजेलेट म्हणजे कशाभिकेच्या, म्हणजे चाबकासारख्या बारीक शेपटीच्या, जोरावर हालचाल करणारे एकपेशी जीव. पुण्याला समुद्र नाही. आपल्याकडचा प्रत्येक नमुना कोकणातून घाट चढून येतो, आणि तो येईपर्यंत माणूस एवढा उतावळा झालेला असतो की पुढची चूक ठरलेलीच.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो आधी मारून मग ओळखायला बसणाऱ्यांचा. गाळ आणला की त्यात लुगॉल (आयोडीनचं द्रावण) नाहीतर फॉर्मालिन ओतायचं, मग सावकाश बघू म्हणायचं. लुगॉलने पेशी आकसतात आणि मूळ रंग झाकला जातो. फॉर्मालिनने कित्येकांच्या कशाभिका गळून पडतात. मग ओळखणार कशावरून?

कोथरूडचा एक विद्यार्थी हर्णैच्या गाळाची वही घेऊन माझ्याकडे आला होता. पानोपानी एकच नाव, पेटालोमोनास: ताठ शरीर, पुढे रोखलेली एकच कशाभिका. चित्रं स्वच्छ, मापं नीट, मेहनत खरी. पण सगळ्या पेशी फॉर्मालिनमधल्या. त्याच किनाऱ्यावरचा थोडा जिवंत गाळ त्याच्याकडे होता म्हणून बरं. तो सूक्ष्मदर्शकाखाली लावून आम्ही दोघं बसलो. त्याच मापाची एक पेशी काचेवरून सरकत गेली, थबकली, झटक्यात मागे ओढली गेली आणि दिशा बदलून पुन्हा निघाली. हा झटका दुसऱ्याच फ्लॅजेलेटचा, अ‍ॅनिसोनेमाचा. अंगाखालून मागे जाणाऱ्या लांब, जाड कशाभिकेच्या जोरावर तो स्वतःला मागे खेचतो. वहीतल्या एकाही चित्रात ती कशाभिका नव्हती. पोराने नोंदी खोडल्या, तीन महिन्यांचं काम गेलं. त्याची हळहळ मला आजही वाटते.

तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी एका पेशीवर दहा मिनिटं बसवतो. पोहते की सरकते, मागची कशाभिका फरफटते का, शरीर वळवळतं की ताठ राहतं, हे आधी लिहायचं, नाव नंतर. ऱ्हिंकोमोनास जेमतेम पाचएक मायक्रॉनचा, पण सोंड हलवत सरकताना एकदा पाहिला की विसरत नाही. दिवा मंद ठेवा आणि कव्हरस्लिपच्या (थेंबावर ठेवायच्या पातळ काचेच्या) कडांना व्हॅसलीन लावा, नाहीतर पाणी आटून खारटपणा वाढतो आणि पेशींचा आकार बिघडतो.

गाळ पातळ करायला नळाचं पाणी कधीच नको. त्यात समुद्री पेशी फुगून गोल होतात, फुटतात. त्याच जागेचं समुद्राचं पाणी गाळून सोबत आणा.

बाटली काठोकाठ भरून गाडीच्या डिकीत टाकू नका. पुण्यात उघडाल तेव्हा गाळ काळा आणि सडक्या अंड्यांचा वास. ओहोटीला वरचा काही मिलिमीटरचा थरच घ्या, बाटली अर्धी रिकामी ठेवा.

पोटात हिरवा-तपकिरी ठिपका दिसला म्हणजे तो प्रकाशसंश्लेषण करणारा, असं नाही. बहुतेक वेळा ते नुकतंच गिळलेलं डायटम, म्हणजे एकपेशी शैवाल, असतं.

थेट चिखलाचा थेंब स्लाइडवर टाकून ‘काहीच दिसत नाही’ म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: गाळ ताटलीत पसरा, वर लेन्स पुसायचा कागद, त्यावर कव्हरस्लिपा, आणि रात्रभर थांबा. जीव आपणहून वर येऊन काचेला चिकटतात. वाळू असेल तर उलिग या संशोधकाने १९६४ मध्ये मांडलेली पद्धत चांगली: नळीत जाळीवर वाळू, तिच्यावर समुद्राच्या पाण्याचा बर्फ. तो वितळत जातो तसे जीव खालच्या बशीत उतरतात.

आणि फोटोऐवजी व्हिडिओ घ्या. अ‍ॅनिसोनेमाचा झटका फोटोत येत नाही.